'टँजरिन्स' या सिनेमावरच्या माझ्या लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार 'एक वाचक',

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली आणि आता जेवण उरकून उत्तर लिहायला बसलोय. आधी माझी चूक: सिनेमातली संत्र्यांची बाग म्हाताऱ्या इवोची नाही, शेजारच्या मार्गुसची. इवो फक्त त्या संत्र्यांसाठी लाकडी खोकी बनवतो. दुरुस्ती केली आहे, आभार.

बाकी तुमचं म्हणणं असं, की १९९२-९३ च्या अबखाझियातल्या (जॉर्जियातून फुटू पाहणारा प्रांत) युद्धात दोन लाखांवर जॉर्जियन लोक घरदार सोडून पळाले, अबखाझियाची राजधानी सुखुमी पडली, आणि याचा सिनेमात पत्ता नाही, माझ्या लेखातही नाही. बरोबर आहे. पण सिनेमा दीड तासाचाही नाही, त्यात काय काय बसवायचं? असो.

मला लागलं ते तुमचं शेवटचं वाक्य. 'सोफ्यावर बसून युद्धपट बघणाऱ्यांनाच असला भाबडेपणा परवडतो.'

साहेब, आमच्या घरी सोफा बऱ्याच उशिरा आला. त्याआधी त्या जागी वडिलांची लोखंडी ट्रंक होती. १९७१ साली ते फौजेत होते. लढाईबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. नंतर पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या छावणीवर त्यांची ड्यूटी लागली, तिथली एकच गोष्ट सांगायचे. एका कैद्यानं त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं होतं. हिरव्या शर्टाला काळा दोरा, कारण दुसरा मिळाला नाही. आईनं दोनदा तो दोरा बदलायला घेतला आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली. शर्ट अजून ट्रंकेत आहे. वडिलांना भाबडे म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. तुमची होत असेल.

आणि सिनेमात तरी भाबडं काय आहे? एकाच घरात दोन जखमी: अबखाझियाच्या बाजूनं लढणारा चेचेन अहमद, आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा जॉर्जियन निको. इवो अहमदकडून शब्द घेतो, माझ्या घरात खून नको. अहमद म्हणतो बरं, बाहेर मारीन. शेवटी इवो निकोला स्वतःच्या मुलाशेजारी पुरतो, आणि तो मुलगा जॉर्जियनांशी लढतानाच गेलेला असतो. अहमद विचारतो, मी मेलो असतो तर मलाही इथेच पुरलं असतंस? इवो म्हणतो हो, पण जरा लांब. 'जरा लांब' म्हणणारा म्हातारा भाबडा?

(शेवट फोडला म्हणून इतरांची माफी. तुम्ही पाहिलाय असं म्हणता. मग निकोला चेचेन आणि अहमदला जॉर्जियन कसं काय लिहिलंत?)

त्या दोन लाखांवर वेगळं लिहीन, सवड मिळाली की. तुमची प्रतिक्रिया उडवा म्हणून दोघांनी मेल केली आहे. मी उडवत नाही. राहू दे, 'भाबडेपणा'सकट.