पंचविशीनंतर मेंदू बंद पडतो म्हणे!

'पंचविशीनंतर मेंदूची वाढ थांबते. चाळिशीत कोर्स करणं म्हणजे पैसे पाण्यात. डॉक्टरांचा इशारा. दहा जणांना पाठवा.' घरच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलं, ते दादाने टाकलं. त्याच संध्याकाळी वहिनीचा आयटीआयचा अर्ज दहावीच्या मार्कशीटची झेरॉक्स आणि चार पासपोर्ट फोटोंसकट पिशवीत घालून कपाटावर गेला. वहिनी त्रेचाळीस वर्षांची, चौदा वर्षं डबे करते. "भाऊजी, खरं असतं का हो हे?" असं तिने विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

कोण डॉक्टर, कुठला, काहीच पत्ता नाही. मी मात्र पत्ता देतो. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर १८६५ पासून एक परीक्षा आहे, तिला तिथे 'नॉलेज' म्हणतात. शहराच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉस चौकापासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ हवेत. उमेदवार स्कूटरच्या हँडलला नकाशा अडकवून, पोटापाण्याचं दुसरं काम सांभाळत तीन-चार वर्षं गल्ल्या पालथ्या घालतात. मग परीक्षक समोर बसवून दोन ठिकाणांची नावं घेतो आणि यांनी मधला रस्ता वळणावळणाने बोलून दाखवायचा.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा ७९ शिकाऊ उमेदवारांचे मेंदू सुरुवातीलाच स्कॅन केले आणि काही वर्षांनी पुन्हा. ३९ जण पास झाले. त्यांच्याच मेंदूतला, रस्ते लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. नापासांचा नाही, आणि कधी परीक्षेच्या वाटेला न गेलेल्यांचाही नाही. हे २०११ साली छापून आलं. ही शाळकरी पोरं नव्हती, मोठी माणसं होती, आणि हातात टॅक्सीचं लायसन्स यावं म्हणून शिकत होती. 'वाढ थांबते' म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. वय वाढलं की पाठांतराचा वेग कमी होतो, हे खरं. आणि त्याच अभ्यासात पास झालेले लोक दुसऱ्या एका स्मरणाच्या चाचणीत मागे पडले, म्हणजे सगळं फुकटात मिळत नाही. पण 'हळू शिकतो' आणि 'शिकतच नाही' यांत फरक आहे की नाही?

त्याच फॉरवर्डमधला पुढचा मुद्दा, 'आयटीआयला वयाची अट असते.' असते ना, किमान १४ वर्षांची. कमाल वयाची अटच नाही! माहितीपुस्तिका उघडायचे कष्ट कुणी घेतले असते तर.

'कुठलाच देश म्हाताऱ्यांवर पैसा घालवत नाही.' सिंगापूर हे एक शहर आणि तेच देश. तिथल्या 'स्किल्सफ्युचर' योजनेत २०१६ पासून २५ वर्षांवरच्या नागरिकांना कोर्ससाठी त्यांचे ५०० डॉलर जमा मिळाले आणि २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी ४,०००. चाळिशीच्या पुढच्यांनाच जास्त!

'सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही' यात अर्धं सत्य आहे. नुसत्या कागदावर नोकरी मिळत नाही. पण वहिनीला कँटीनच्या ठेक्यासाठी कागदच मागितला होता, चौदा वर्षांची चव नव्हे. कौशल्य विकास योजनेत येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तीही बघतोय.

'बायका शिकायला गेल्या की घरात भांडणं होतात' याला उत्तर देत नाही. दादा, फॉरवर्ड तू केलंस, त्याचं काय ते तूच बघ.

हे सगळं काल ग्रुपवर टाकलं. दादाने अंगठा दाखवला. वहिनीने पिशवी खाली काढली आणि मला एवढंच विचारलं, "पण वर्ग भरतो किती वाजता? माझे डबे साडेअकराला निघतात." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उद्या सकाळी दोघं जाऊन विचारणार आहोत.