डोंगरावर हवामान शिकवायला जाताना

हवामान बदलाशी जुळवून कसे घ्यावे, हे आदिवासी शेतकऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम अभिनंदन. स्वतः कधी शेती केली नसल्याचे दडपण मुळीच घेऊ नये. अकोले किंवा जव्हारकडे निघताना बॅनर आणि अल्पोपाहार यांची सोय पाहावी. तारीख ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांतली धरावी, म्हणजे कर्ती माणसे चिखलात असतील आणि समोर फक्त म्हातारी मंडळी बसतील.

बोलण्यात राबाचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पेरणीआधी जमीन भाजण्याचा, विषय निघणारच. शेण, कवळ म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असा राब रचून तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे भडकत नाही, सावकाश धुमसतो. तणाचे बी मरते, राख मिळते आणि रोप जोमाने उठते. एवढे ऐकून घेण्याची गरज नाही. धुराचे उत्सर्जन किती, इतकेच विचारावे आणि आपली गाडी गावाबाहेर उभी करावी. एखाद्या आजीबाई सांगतील की, २०२५ सारखा मे महिन्यातच पाऊस कोसळला की राब भिजतो, जमिनीची भाजणी राहून जाते आणि पुढचे सगळेच गणित चुकते. हवामान बदलाचे याहून नेमके वर्णन आपल्या सादरीकरणातही नसेल. पण त्यात आलेख नसल्यामुळे ते अहवालात ‘स्थानिक समजुती’ या मथळ्याखाली घालावे.

उतारावर पहिल्या वर्षी नागली म्हणजे नाचणी, मग वरई, मग खुरासणी हे तेलबियांचे पीक आणि त्यानंतर जमिनीला विसावा, ही फेरपालट मागास ठरवण्याचे काम आपल्या आधीचे अधिकारी करून गेले आहेत. आपण तिलाच ‘हवामान-अनुकूल’ म्हणायचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यापासून नागली हे गरिबाचे अन्न राहिलेले नाही, निदान शहरात तरी. म्हणून नागली पिकवणाऱ्यांना नागलीची बिस्किटे वाटावीत.

बियाण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. शाळेची पायरी न चढलेल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावठी वाण जपत राहिल्या आणि २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. तेव्हा त्यांचे छायाचित्र बॅनरवर जरूर असावे, पण राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले वालाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, हा मुद्दा काढू नये. शेवटी संकरित भाताची पिशवी द्यायची आहे. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे खरा, परंतु संकरित पिकाचे राखलेले बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही, त्यामुळे तो हक्क बजावण्याचे कष्टही वाचतील.

निघण्यापूर्वी अभिप्रायाचे अर्ज भरून घ्यावेत. ‘प्रशिक्षणापूर्वी मला या विषयाची माहिती नव्हती’ या विधानापुढे बरोबरची खूण आधीच छापलेली असावी; अंगठा कुठे उठवायचा, तेवढे आजीबाईंना दाखवावे.