फी माफ करू नका, परत करा

तहसीलसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सरकारी भरतीची जाहिरात निघाली की आमचा सीझन सुरू. म्हणजे तालुक्यात पोरं जेवढी बेकार, तेवढा माझा गल्ला बरा. फॉर्ममागे शंभर रुपये घेतो, स्कॅन-प्रिंट धरून. हे आधीच सांगतोय, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणीतरी म्हणणारच की तू कुठे फुकट भरून देतोस. नाही देत. पण माझ्या दुकानात यायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, मोबाईलवर घरबसल्या भरता येतं. सरकारची फी मात्र चुकत नाही, अन् मी बोलतोय ते तिच्याबद्दल.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४,६४४. अर्ज १० लाख ४१ हजारांच्या वर. फी ओपनला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. सगळेच नऊशेवाले धरले तरी आकडा नव्वद कोटींच्या पुढे जातो. परीक्षेला खर्च येतो, नाही कोण म्हणतंय? कॉम्प्युटरची सेंटरं लागतात, माणसं लागतात, ती परीक्षा तर जवळजवळ महिनाभर चालली. पण माणसं सरकारला हवीत, नोकर सरकारचे होणार, अन् निवडीचा खर्च कुणाच्या खिशातून? तर ज्याला अजून पहिला पगार बघायचाय त्याच्या. तिकडे यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेची फी १०० रुपये, मुलींना तीही नाही. जिल्ह्याचा कलेक्टर व्हायच्या पहिल्या परीक्षेला शंभर अन् सज्जाचा तलाठी व्हायला हजार, हा हिशोब मला आजवर कुणी नीट समजावून दिलेला नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. फी नसली की कुणीही उठून अर्ज टाकतो, पैसे भरले की पोरं सिरीयस होतात. ऐकायला बरोबर वाटतं. आता त्याच भरतीचा पुढचा आकडा बघा. प्रत्यक्ष परीक्षेला बसली साडेआठ लाखांच्या थोडी वर. म्हणजे पैसे भरून पावणेदोन लाखांच्या आसपास उमेदवार सेंटरवर पोचलेच नाहीत. मग हजार रुपयांनी नेमकं कोण सिरीयस झालं?

ही न जाणारी पोरं मला माहीत आहेत, त्यांची हॉल तिकिटं मीच काढलेली असतात. एकाला सेंटर पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला आलेलं. सकाळी साडेसातला रिपोर्टिंग, म्हणजे आदल्या दिवशी निघा, रात्र लॉजवर काढा नाहीतर स्टँडवर. दुसरा तोवर चाकणला कंपनीत लागलेला, सुट्टी मागितली तर ठेकेदार म्हणाला खुशाल जा, येऊ नको परत. अन् पोरींचं तर वेगळंच गणित. एसटीत त्यांना हाफ तिकीट आहे, चांगली गोष्ट आहे, पण एवढ्या लांब एकटीला पाठवणार कोण? सोबत बाप निघतो, त्याला फुल. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. घरात हा हिशोब रात्री बसून होतो, अन् बऱ्याचदा पोरगी स्वतःच म्हणते, जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फी माफ करा म्हणून मोर्चे निघतात, मी त्या बाजूचा नाही. फुकट केलं तर अर्जांचा ढीग पडेल हे मलाही कळतं. फी घ्या, पण जो परीक्षेला बसला त्याला परत करा. यात नवीन काही शोधायचं नाही. रेल्वे हेच करते. ओपनकडून ५०० घेते अन् पहिल्या परीक्षेला बसलं की ४०० परत. अनुसूचित जाती-जमाती, महिला वगैरेंकडून २५० घेते अन् बँकेचा चार्ज तेवढा कापून बाकी सगळे परत. जो नुसता अर्ज टाकून घरी बसतो त्याचेच पैसे जातात. सिरीयसपणा तपासायचा असेल तर तपासणी ही झाली. कोट्यवधी अर्जांची भरती सांभाळणाऱ्या रेल्वेला खात्यावर पैसे टाकता येतात, मग आपल्याला काय अडचण आहे?

हे हजार रुपये म्हणजे काय, ते दुकानात बसलं की कळतं. मागे एक पोरगा आला, बीएस्सी झालेला, शेवटच्या तारखेला संध्याकाळी. शेवटच्या तारखेलाच का, असं लोक विचारतात. पैसे शेवटच्या तारखेला जमतात म्हणून. खातं वडिलांचं, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येणार, अन् वडील शेतात, जिथे रेंज एका बांधावर येते अन् दुसऱ्या बांधावर जाते. मी स्पीकरवर फोन लावला. अप्पांनी चष्म्याशिवाय एकेक आकडा वाचला. पहिला ओटीपी वाचेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्याला पेमेंट गेलं, पण साइटवर चक्र फिरत राहिलं ते फिरतच. तेवढ्यात अप्पांना पैसे कटल्याचा मेसेज आला, तोही त्यांनी वाचून दाखवला, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा: "तीनशे बारा राहिले की रे आता." पोरगा मान खाली घालून कीबोर्डकडे बघत राहिला. फॉर्मवर 'पेमेंट पेंडिंग'. असे अडकलेले पैसे चार-आठ दिवसांत परत येतात, पण साइट रात्री बारापर्यंतच. शेवटी मी माझ्या खात्यातून भरले, अन् तो पंधरा दिवसांनी देऊन गेला. उपकार म्हणून सांगत नाही. सीझनमध्ये माझी अशी उधारी कायम फिरत असते अन् ती बुडत नाही, किराणा दुकानदारापेक्षा मी सुखी.

अन् हा एका फॉर्मचा मामला झाला. जिल्हा परिषदेच्या भरतीत पद वेगळं तर फी वेगळी, जिल्हा वेगळा तर परत फी. मार्च २०१९ मध्ये ती भरती निघाली, पोरांनी पैसे भरले अन् वाट बघत बसली. मध्ये कोरोना येऊन गेला. २०२२ मध्ये ती भरतीच रद्द! फी परत देऊ म्हणाले, त्यासाठीही ऑनलाइन माहिती भरायची. तेव्हा माझ्याकडे आलेल्या कित्येकांचं जुनं सिमकार्ड बंद, लॉगिन विसरलेलं, एका पोरीचं तर मधल्या काळात लग्न होऊन नाव बदललेलं. २०२३ मध्ये १९,४६० जागांची नवी जाहिरात निघाली, तिला परत हजार अन् नऊशे.

जुन्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं. त्यांच्या वेळी 'एम्प्लॉयमेंटला', म्हणजे सरकारच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, 'नाव घातलं' की झालं. कार्ड मिळायचं, ते वेळोवेळी रिन्यू करायचं, कॉल आला तर इंटरव्ह्यूला जायचं. ती व्यवस्था फार भारी होती असं मी म्हणणार नाही; कॉलची वाट बघता बघता केस पांढरे झालेले लोक आमच्याच गल्लीत आहेत, शिवाय वशिला होताच. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या एक्स्चेंजच्या यादीवर भागवू नका, जाहिरात देऊन सगळ्यांना संधी द्या. निकाल योग्यच होता. पण त्या कार्डाला पैसे पडत नव्हते, एवढं मात्र खरं.

मग कुणी तरी आकडा तोंडावर मारतो की देशात बेरोजगारी उरलीच कुठे, २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ती ३.२ टक्के होती. होती ना. त्याच पाहणीत १५ ते २९ वयाच्या पोरांची १०.२ टक्के होती, ते वाक्य कुणी पुढे वाचत नाही. शिवाय मोजायची पद्धत बघा. वर्षभरात मिळून तीसेक दिवस काम केलं तरी माणूस रोजगारवाल्यांत धरला जातो, अन् घरच्या शेतात बिनपगारी हात लावला तरी ते कामच. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन काढायला, मळणीला बापाबरोबर राबलेला अन् एरवी अभ्यासिकेत खुर्ची गरम करणारा आमचा पोरगा त्या कागदावर बहुतेक कामालाच लागलेला निघेल. पद्धत जगात चालते तशीच आहे, खोटेपणा नाही. पण ३.२ मध्ये तो दिसत नाही अन् १० लाख ४१ हजारांत दिसतो, आणि मला दुसरा आकडा जास्त खरा वाटतो.

खासगीत करा ना काहीतरी, असं सांगणाऱ्यांना लांबड न लावता एवढंच: करतात. पाच वर्षांत कायम न होणारं, ठेकेदार बदलला की पहिल्यापासून सुरू होणारं काम करतात, अन् रात्री येऊन चालू घडामोडी वाचतात. २०२४ ला सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली, बारावीला ६,००० अन् पदवीधराला १०,००० महिना, सहा महिन्यांसाठी. ओरड झाल्यावर पाच महिने वाढले. अकरा महिने ग्रामपंचायतीत बसून दाखले टाइप केलेली पोरं आता परत माझ्या दुकानात. दाखले कसे निघतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, एवढा फायदा झाला.

आमदार, जिल्हा परिषदेचे पुढारी, सगळे या पोस्टखाली येऊन हात जोडतील. जोडा, पण येत्या अधिवेशनात एवढाच प्रश्न विचारा: परीक्षेला बसलेल्याची फी रेल्वेसारखी परत का देता येत नाही? उत्तर लेखी घ्या. मी त्याची प्रिंट काढून दुकानात लावतो, प्रिंटचे पैसे नकोत.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी कामाचं. नॉन क्रीमिलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, कुणाचं कोणत्या सालापर्यंत आहे ते आजच काढून बघा. जाहिरात निघाल्यावर तहसीलला रांग लागते अन् दाखला शेवटच्या तारखेनंतर हातात पडतो. फोटो-सही स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर ठेवा. आणि फॉर्मला नंबर स्वतःचाच द्या, मित्राचा नको, मामाचा तर मुळीच नको. शनिवारी दुपारनंतर दुकान मोकळं असतं, तेव्हा या.