‘गगन’ चालू केलं म्हणून डबा सापडत नाही

ट्रेकर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज दर हंगामात नव्याने फिरतो. शब्द बदलतात, आशय तोच असतो: ‘तुमच्या हँडहेल्ड जीपीएसमध्ये वॉस/एग्नॉस नावाची सेटिंग आहे, ती चालू करा. भारतात तिथे आपोआप इस्रोचं गगन लागतं. चूक 15 मीटरवरून थेट 3 मीटरवर येते. स्क्रीनवर 3 मीटर दिसलं की डबा तीन मीटरच्या आतच असतो. सिग्नल उपग्रहाकडून येतो, त्यामुळे जंगल असो की दरी, काही फरक पडत नाही. आणि आता नाविक आल्यापासून आपण अमेरिकेच्या जीपीएसवर अवलंबूनच नाही.’

डबा म्हणजे जिओकॅशिंगचा डबा. कुणीतरी कुठेतरी लपवलेला, आत नाव लिहायला छोटी वही, आणि शोधणाऱ्याच्या हातात फक्त अक्षांश-रेखांश. वॉस अमेरिकेची, एग्नॉस युरोपची आणि गगन आपली, जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती उपग्रहावरून पाठवणारी यंत्रणा; नाविक ही भारताची स्वतःची, जीपीएससारखी प्रणाली. मेसेजमधला सल्ला चांगला आहे, सेटिंग चालूच ठेवा. पण तिच्याकडून जी अपेक्षा लावून दिली आहे ती फसवी आहे, आणि त्यापायी लोक चुकीच्या दगडाखाली तासभर हात घालत बसतात.

‘15 मीटरवरून थेट 3 मीटर’

हा 15 चा आकडा जुन्या माहितीपत्रकांतला आहे. मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि 3 मे रोजी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. त्या काळच्या यंत्रांना 15 मीटर हा आकडा शोभत होता. तेव्हापासून उपग्रहांची घड्याळं सुधारली, रिसीव्हर सुधारले. मोकळ्या आभाळाखाली साध्या स्मार्टफोनची चूक सुमारे 4.9 मीटर असते, असं अमेरिकी सरकारच्याच जीपीएस संकेतस्थळावर दिलेलं आहे. म्हणजे उडी 15 वरून 3 वर नाही. माळावर उभे असाल तर पाचेक मीटरवरून दोन-तीन मीटरवर, एवढीच.

‘तीन मीटर’ही आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेची वॉस यंत्रणा जुलै 2003 मध्ये विमानांसाठी सुरू झाली. तिच्याकडून आडव्या अचूकतेची अपेक्षा 7.6 मीटरची होती आणि प्रत्यक्षात ती अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मीटरभरात येते. पण ही मोजणी पक्क्या जागी बसवलेल्या, चांगल्या अँटेनाच्या, चहूबाजूंनी आभाळ मोकळं असलेल्या रिसीव्हरांवर होते. कारवीच्या जाळीत वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या यंत्रावर ती कुणी केलेली नाही.

आपलं गगनही विमानांसाठीच आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ते मिळून उभारलं. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगढला उतरलं ते गगनच्या आधाराने. देशभरात 15 संदर्भ केंद्रं आहेत, त्यांत एक नागपूरला आणि एक गोव्यात. या केंद्रांची जागा आधीपासून काटेकोर ठाऊक असते, त्यामुळे जीपीएसचा सिग्नल किती चुकतोय ते तिथे कळतं. बंगळुरूत त्याचं गणित होतं, बंगळुरू आणि दिल्लीतून दुरुस्त्या वर पाठवल्या जातात आणि जीसॅट उपग्रह त्या जीपीएसच्याच एल-1 फ्रिक्वेन्सीवर खाली सोडतो. म्हणून वेगळी अँटेना लागत नाही.

दुरुस्ती होते ती तीन गोष्टींची: उपग्रहाची कक्षा, त्याचं घड्याळ आणि आयनोस्फिअरमुळे, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरामुळे, सिग्नलला होणारा उशीर. तिन्ही गोष्टी वरच्या आहेत. तुमच्या डोक्यावरच्या फांद्या, शेजारचा कडा, स्वतःचं अंग यांच्याबद्दल नागपूरच्या केंद्राला काहीही कळत नाही.

तरीही सेटिंग चालू ठेवा म्हणतो, कारण आयनोस्फिअरच्या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा जास्त अडचणीच्या जागी राहतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनांची घनता फुगलेली असते आणि उत्तरेकडचा फुगवटा भारताच्या मधल्या पट्ट्यावरून जातो. महाराष्ट्र त्याच्या अगदी लगत आहे. जीपीएस स्वतः जे साधं मॉडेल पाठवतं त्यातून या उशिराचा साधारण अर्धाच भाग निघतो. उरलेल्यावर गगनचा जाळीदार नकाशा काम करतो. दुपारी दोन-तीनला, सूर्यावर डाग भरपूर असलेल्या वर्षांत, मोकळ्या पठारावर हा फरक खरोखर जाणवण्याजोगा असतो. सूर्यास्तानंतर मात्र, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, याच थरात बुडबुडे उठतात, सिग्नल लुकलुकतो, आणि पाच-पाच अंशांच्या चौकटींच्या नकाशाला इतकं बारीक काही पकडता येत नाही. रात्रीचा डबा शोधायला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘जंगल असो की दरी, फरक पडत नाही’

सगळ्यात घातक वाक्य हे आहे. युरोपातले लोक उलटी तक्रार करतात: दुरुस्तीचा उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे क्षितिजाजवळ दिसतो, झाडामागे जातो. तो सल्लाही आपल्याकडे जसाच्या तसा लागू नाही. पुण्यातून पाहिलं तर जीसॅट-8 साधारण 59 अंश आणि जीसॅट-10 साधारण 66 अंश उंचीवर, दक्षिणेच्या आभाळात असतो. म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीचा सिग्नल मिळणं तुलनेने सोपं. उत्तराभिमुख कड्याच्या पायथ्याशी अगदी चिकटून उभे राहाल तरच तो अडेल.

पण मिळाला म्हणून काय? सह्याद्रीतला डबा कुठे असतो ते आठवा. कातळाच्या खोबणीत, टाक्याच्या बाजूला, घळीच्या तोंडाशी. तिथे अर्धं आभाळ दगडाने झाकलेलं. त्या बाजूचे उपग्रह गेले. उरलेल्यांपैकी काहींचा सिग्नल सरळ येतोच, शिवाय समोरच्या भिंतीवर आपटूनही येतो. आपटून येणारा लांबून येतो, आणि रिसीव्हरला ते अंतर खरं वाटतं. अशा जागी यंत्र हातात घेऊन एक मिनिट स्तब्ध उभे राहा. बाण आधी डावीकडे आठ मीटर दाखवेल, मग मागे बारा, मग तुम्ही पाऊलही न हलवता ‘पोहोचलात’ म्हणेल. गगन चालू असलं तरी हेच होतं, कारण यातली एकही चूक वरच्या तीन गोष्टींपैकी नाही.

आणखी एक तिढा आहे. दुरुस्त्या सेकंदाला फक्त 250 बिट या गतीने येतात. आयनोस्फिअरचा पूर्ण नकाशा हाती यायला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. गाडीतून उतरून यंत्र चालू करून थेट झाडीत घुसलात तर सिग्नल तुटत राहतो, संच अर्धवट राहतो. पायथ्याच्या मोकळ्या मैदानात यंत्र चालू करा, चहा घ्या, मग निघा.

‘स्क्रीनवर 3 मीटर म्हणजे डबा तीन मीटरच्या आत’

तो आकडा यंत्राने स्वतःच्या कामाला दिलेले गुण आहेत. उपग्रह किती, कसे पसरलेले, सिग्नल किती जोरात, यावरून काढलेला अंदाज. कड्यावर आपटून आलेला सिग्नल जोरदार असेल तर गुणही चांगले मिळतात. शिवाय ही कमाल मर्यादा नव्हे. बऱ्याचदा खरी चूक त्याहून जास्त असते.

आणि डब्याची जागा तुम्ही थोडीच मोजली आहे? ती लपवणाऱ्याने मोजली, त्याच झाडाखाली, कदाचित दहा वर्षांपूर्वीच्या फोनवर. समजा त्याची चूक 4 मीटर आणि तुमचीही 4. दोन्ही एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका, त्यामुळे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं: 5.7 मीटर. आता सगळी सेटिंग वापरून तुमची चूक निम्म्यावर, 2 मीटरवर आणली असं धरू. एकूण किती? 4.5. सव्वा मीटरचा फायदा. तुमचं यंत्र अगदी निर्दोष झालं तरी लपवणाऱ्याचे 4 मीटर कुठेही जात नाहीत. याशिवाय कोऑर्डिनेट मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायची पद्धत आहे. शेवटचा एक अंक म्हणजे उत्तर-दक्षिण 1.85 मीटर.

म्हणून अचूकतेचा हट्ट करायचाच असेल तर लपवताना करा. गार्मिनच्या यंत्रांमध्ये एकाच जागेची अनेक मोजमापं घेऊन सरासरी काढणारं वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग आहे. एक नमुना घ्या, निदान दीड तास जाऊ द्या, उपग्रहांची मांडणी बदलली की दुसरा घ्या, असे चार-पाच. एका जागी सलग दहा मिनिटं उभं राहून घेतलेली सरासरी तीच चूक दहा मिनिटं मोजत असते.

‘भारतात आपोआप गगन लागतं’

लागतंच असं नाही. उपग्रहांचं पान उघडा. गगनच्या उपग्रहांचे क्रमांक (पीआरएन) 127, 128 आणि 132. यंत्र बहुधा त्यातून 87 वजा करून दाखवतं, म्हणजे 40, 41, 45 शोधा. बऱ्याच गार्मिनवर ज्या जीपीएस उपग्रहांना दुरुस्ती मिळाली त्यांच्या खांबावर इंग्रजी ‘डी’ उमटतो. युरोपच्या एग्नॉसचा एखादा उपग्रहही महाराष्ट्रातून दिसतो. पण त्याचा आयनोस्फिअरचा नकाशा युरोपचा आहे, आपल्या आभाळाचा नाही. तो पकडून आनंदू नका. काही जुन्या यंत्रांत बॅटरी सेव्हर लावला की ही सेटिंग निमूटपणे बंद पडते, तेही तपासा.

‘डी’ फक्त जीपीएसच्या उपग्रहांवर येतो, रशियाच्या ग्लोनास किंवा युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीच्या उपग्रहांवर नाही. झाडीत शिरल्यावर मात्र दुरुस्त केलेल्या पाच उपग्रहांपेक्षा न दुरुस्त केलेले पंधरा बरे, असं माझं मत. त्यामुळे दुरुस्तीच्या मोहात बाकीच्या प्रणाली बंद करू नका.

‘नाविक आल्यापासून…’

गगन आणि नाविक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाविक ही स्वतंत्र प्रणाली, तिच्या उपग्रहांवरून जागा काढता यावी म्हणून उभारलेली. गगन जीपीएसच्या चुका सांगतं. जीपीएस बंद पडलं तर गगनला दुरुस्त करायला काही उरतच नाही. शोधणाऱ्याला फायदा होतो तो मात्र वेगळ्या वाटेने: जीपीएसच्याच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरच्या, नव्या एल-5 सिग्नलने. जुन्या एल-1 मधल्या संकेताच्या एका तुकड्याची लांबी सुमारे 293 मीटर, एल-5 मध्ये 29 मीटर. तुकडा जितका आखूड, तितका आपटून उशिरा आलेला सिग्नल वेगळा ओळखू येतो. कड्याखाली उपयोगी पडेल ते हेच. नवं यंत्र घ्यायचं असेल तर ‘गगन आहे का’ याआधी ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी (एल-1 आणि एल-5 दोन्ही) आहे का’ हे विचारा.

आणि बाण एकाच दिशेला, प्रत्येक ठिकाणी शंभरेक मीटर चुकत असेल, तर गगन, नाविक, झाडी सगळं सोडा आणि मॅप डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मॉडेलवर मोजायचे ती सेटिंग, पाहा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटसाठी कुणीतरी तो ‘इंडियन’वर ठेवलेला असतो. डब्ल्यूजीएस 84 करा.