प्रतिज्ञापत्र भरून घेता, मग तपासत का नाही?

पोराला शिष्यवृत्ती हवी असेल तर बापाला तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो. नॉन-क्रिमीलेअरसाठी तर तीन-तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. त्यात कुणाला खासगीपणाचा भंग दिसत नाही. मग जो माणूस आपल्या कराचा पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणार आहे, त्या निवडणुकीतल्या उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात स्वतःचा हिशेब द्यायला का कां-कू करावी?

उमेदवाराची माहिती मिळण्याचा हा हक्क आपल्याला कुठल्याही पक्षाने राजीखुशीने दिलेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने न्यायालयात लढा दिला आणि 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा मात्र एक झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 33-ब हे कलम घुसडून निकालाची धार बोथट करण्यात आली. मार्च 2003 मध्ये न्यायालयाने ते कलमही रद्द केलं.

आता उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना 26 मध्ये, पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, बँकेतल्या ठेवी, सोनं, वाहनं, जमिनीचा सर्व्हे नंबर, खरेदीची किंमत, आजचा बाजारभाव, कर्ज असं सगळं लिहावं लागतं. लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेल्या निकालानंतर उत्पन्नाचा स्रोतही सांगावा लागतो. तिथे अनेकदा दोनच शब्द असतात: 'शेती व व्यवसाय'. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे त्या दोन शब्दांत काय काय मावतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

शिवाय रकाने आहेत ते उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींचे. कमावता मुलगा, सून, भाऊ, मेहुणा यांची मालमत्ता त्यात येत नाही. सातबारा भावाच्या नावावर आणि गाडी मुलाच्या कंपनीच्या नावावर असली की प्रतिज्ञापत्रात साहेब अगदी साधे दिसतात. मला ही सर्वांत मोठी पळवाट वाटते.

शिक्षणाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पदवी नसणं हा दोष नव्हे. वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण बेताचंच, पण महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारं त्यांच्याच कारकिर्दीत उघडली. (त्या धोरणाचं पुढे काय झालं, हा स्वतंत्र विषय.) पण नसलेली पदवी लिहिणं ही मतदाराची फसवणूक आहे. मणिपूरच्या मोइरांगमधल्या एका आमदाराने म्हैसूर विद्यापीठाची एमबीए पदवी लिहिली होती, ती खोटी निघाली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निवड रद्द ठरवणारा निर्णय कायम केला. म्हणून पदवी लिहिली असेल तर ती पडताळायला खुली हवी, उमेदवार गल्लीतला असो की दिल्लीतला.

खासगीपणाची एक बाजू मला मान्य आहे. अरुणाचलच्या एका प्रकरणात एप्रिल 2024 मध्ये न्यायालय म्हणालं की घरातली प्रत्येक चीजवस्तू सांगायची गरज नाही. बरोबरच आहे. उमेदवाराचे आजार, घरगुती वाद, मुलांचे मार्क यांत कुणी डोकावू नये. पैसा मात्र त्यात मोडत नाही.

आजची खरी अडचण पडताळणीची आहे. छाननीत निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरलेत का ते पाहतो. आकडे खरे की खोटे, हे शोधणं त्याचं काम नाही. खोटं सापडलं तरी त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125-अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद, नुसता दंड किंवा दोन्ही. निवड रद्द करून घ्यायची तर निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायची. सामान्य मतदाराला हे कसं झेपावं? विधी आयोगाने 2014 मध्येच, 244 व्या अहवालात, किमान दोन वर्षं शिक्षा आणि अपात्रता सुचवली होती. तो अहवाल तसाच पडून आहे.

माझी मागणी साधी आहे. निवडून आलेल्या प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र प्राप्तिकर खात्याने सहा महिन्यांत तपासावं आणि निष्कर्ष निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर टाकावा. एकत्र राहणाऱ्या कमावत्या मुलांचाही रकाना वाढवावा. तोवर आपल्या आमदाराची 2019 आणि 2024 ची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचा, आणि फरक दिसला तर तो पुढच्या सभेत सगळ्यांसमोर विचारा.