डोळ्यांत पूर, तरी दुष्काळ

माझ्या डोळ्यांतून दिवसभर पाणी गळतं आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमचे डोळे कोरडे आहेत. हे मी जळगावात ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे पाहिलं. परवाच्या लग्नात तर मी वरपक्षाचा असूनही पाठवणीला नवरीच्या बापापेक्षा जास्त रडलो. मांडवातला एक म्हातारा पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काब्र रडी राहिना भो? पोरगी तर आपलेच घर येस."

बाईंनी समजावलं ते असं. अश्रूला थर असतात. खाली चिकट श्लेष्मा, मधे पाणी, वर तेलाचा पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या काठावरच्या ग्रंथींतून येतं. शेवभाजीवर तर्री असते ना, तशी ही डोळ्यावरची तर्री. ती नसली की खालचं पाणी उडून जातं. डोळा चुरचुरतो, मग घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो, आणि तो गालावरून सदऱ्यावर जातो. मुक्काम करत नाही. मग त्यांनी डोळा बधिर करून खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. 5 मिनिटांत पट्टी भिजली 4 मिलिमीटर. लग्नात अब्रू घालवणारे डोळे ऐन तपासणीत तोंड मिटून बसले.

उपाय म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब आले. वर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पापण्या शेकायच्या, म्हणजे ग्रंथींतलं घट्ट तेल पातळ होतं. महिना मे, पारा 45 च्या वर, कूलर धापा टाकतोय आणि मी डोळ्यांवर गरम फडकं घेऊन बसलोय. त्यातून कूलरचा झोत थेट तोंडावर घ्यायचा नाही, हीसुद्धा ताकीद. खान्देशात उन्हाळ्यात माणसाने मग तोंड कुठे करावं?

स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी लवतो, म्हणून मुद्दाम आणि पूर्ण मिटायच्या, असंही सांगितलं होतं. मी केळी व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. सावद्याचे एक शेतकरी भावासाठी अडून बसले होते आणि त्याच वेळी माझा व्यायाम चालू होता. त्यांनी माझं डोळे मिटणं पाहिलं, हसले आणि शेठजींना म्हणाले, "दिवाणजींनी इशारा केला, म्हणजे अजून वाढवून मिळणार." त्या दिवसापासून मी व्यायाम जिन्यात करतो.

मग मूळ कारणाचा शोध सुरू झाला. साखर, थायरॉइड, संधिवात, सगळ्याचं रक्त गेलं. शोग्रेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने 1933 साली मांडलेला एक आजार असतो, त्यात शरीर आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटतं. म्हणून बाईंनी विचारलं, "कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येतो का?" मी म्हटलं, "बाई, घरी कळण्याची भाकरी असते. ती पाण्याशिवाय गिळणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी नाही." त्यांनी कागदावर काय लिहिलं कोण जाणे.

रिपोर्ट सगळे चांगले आले, त्याने नातेवाईक फार नाराज झाले. अमळनेरच्या मावशीला दृष्ट हवी होती, शेजारच्या काकांना मोबाइल. मावशीने एरंडेल आणि मध, दोन्ही डोळ्यांत घालायला पाठवलं. मी एरंडेल बैलगाडीवाल्याला दिलं आणि मध भाकरीबरोबर संपवला. बाईंचा संशय मात्र धुळीच्या शिंकांवर मी रोज रात्री घेतो त्या गोळीवर आहे. ती नाक सुकवते तसे डोळेही सुकवते म्हणे. म्हणजे नाक तरी वाहू द्यायचं किंवा डोळे तरी. बायकोने नाकाच्या विरोधात मत दिलंय.

आता शेवटचा प्रस्ताव असा आहे की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात पाणी नाकाकडे नेणारं बारीक छिद्र असतं, तिथे एवढंसं बूच बसवायचं, म्हणजे आहे ते पाणी डोळ्यातच थांबतं. इतके दिवस "डॉक्टर लुटतात" म्हणणारे शिरपूरचे मामा हे ऐकून पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसले. त्यांच्या तालुक्याने नाल्यांवर बंधारे घालून पाणी कसं अडवलं, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगतात.

"हां! मग बंधारा म्हण ना सरळ," मामा म्हणाले. माझ्या डोळ्यात बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "पण आधी खोलीकरण नको का करायला?"