कॅथलिक विद्यापीठे आणि मानसशास्त्र : एका प्रचलित विधानाचा प्रतिवाद

धर्म आणि विज्ञान यांच्या वैराची चर्चा निघाली की एक विधान हमखास पुढे येते आणि समाजमाध्यमांवर ते मोठ्या ठसक्यात फिरतही असते. त्याचा आशय असा : कॅथलिक चर्चने मानसशास्त्राला आपल्या विद्यापीठांत शिरू दिले नाही, चर्चने आधुनिक जगाशी जुळवून घेण्यासाठी १९६०च्या दशकात भरवलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत तेथे मानसशास्त्राच्या नावाखाली आत्म्याविषयीचे मध्ययुगीन तत्त्वज्ञानच शिकवले जाई, शिकवणारे धर्मगुरू असल्यामुळे निष्कर्ष आधीच ठरलेले असत आणि म्हणून त्यांच्याकडून विज्ञानात काहीच भर पडली नाही, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचे ग्रंथ तर चर्चने बंदीच्या सूचीतच घातले होते. गॅलिलिओची कथा सर्वांना तोंडपाठ असल्यामुळे या विधानासाठी कुणी पुरावा मागत नाही. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो नेमका कुठे आहे हे ते पसरवणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

पहिला मुद्दा कालक्रमाचा. प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे १८७९ साली स्थापन केलेल्या प्रयोगशाळेपासून धरण्याची प्रथा आहे. त्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी कॅथलिक विद्यालयांत तेराव्या शतकातील धर्मतत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाचे पुनरुज्जीवन करण्याचा आदेश देणारे परिपत्रक काढले. वरवर पाहता हे दोन प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जाणारे वाटतात. प्रत्यक्षात बेल्जियममधील लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात ते पंधरा वर्षांच्या आत एकत्र आले. तेथे थॉमसप्रणीत तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर १८८२ साली देझिरे मेर्सिए या तरुण धर्मगुरूची नेमणूक झाली आणि १८८९ साली त्यांच्या पुढाकाराने तत्त्वज्ञानाची उच्च संस्था उभी राहिली. मेर्सिए यांनी आर्मां तिएरी या आपल्या धर्मगुरू शिष्याला वुंट यांच्याकडे लाइपझिगला धाडले. तिएरी यांनी तेथे भौमितिक दृष्टिभ्रमांवर संशोधन केले आणि १८९०च्या दशकातच लुव्हेनच्या प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेतली. अटलांटिकपलीकडे वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठाने अध्यापन सुरू केले ते १८८९ साली. त्याचे एक प्राध्यापक एडवर्ड पेस, हेही धर्मगुरूच, १८९१ साली वुंट यांच्याकडून डॉक्टरेट घेऊन परतले, त्यांनी लगोलग प्रयोगशाळा उभारली आणि १८९२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आरंभीच्या सदस्यांत त्यांचा समावेश झाला. म्हणजे ज्या काळात बहुतेक विद्यापीठांना मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते, त्या काळात निदान दोन कॅथलिक विद्यापीठांत ती चालू होती. व्हॅटिकन परिषद भरायला तेव्हा सत्तर वर्षे बाकी होती.

दुसरा मुद्दा, आत्म्याच्या तत्त्वज्ञानाचा, अधिक गंभीर आहे आणि तो एका वाक्यात निकालात निघणारा नाही. कॅथलिक संस्थांतील मानसशास्त्र बराच काळ तत्त्वज्ञानाच्या छत्राखाली राहिले, हे खरे आहे. लुव्हेनची प्रयोगशाळाही तत्त्वज्ञानाच्या संस्थेतच होती. परंतु वुंट स्वतः लाइपझिगला तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते, हे विसरून चालणार नाही. त्या काळी मानसशास्त्राचे घर सर्वत्र तेच होते. शिवाय प्रयोगशाळेला विरोध करण्याऐवजी तिला जवळ करण्याचे कारण मेर्सिए यांना थॉमसच्याच विचारात सापडले. आत्मा आणि शरीर ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत, ही सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांची भूमिका मानली तर मनाचे मोजमाप शरीराच्या वाटेने करण्यात काही अर्थ उरत नाही. थॉमसच्या मते मात्र आत्मा हे शरीराचेच रूपतत्त्व, म्हणजे त्याला सजीव माणूस बनवणारे तत्त्व, असून माणूस हा एकसंध प्राणी आहे. तसे असेल तर संवेदना, प्रतिक्रियेला लागणारा वेळ, दृष्टिभ्रम यांचा प्रयोगाने केलेला अभ्यास हा माणसाचाच अभ्यास ठरतो. समकालीन मानसशास्त्राच्या उगमांवरील १८९७च्या ग्रंथात मेर्सिए यांनी आधुनिक मानसशास्त्रातील बऱ्याच गोंधळाचे खापर देकार्तवर फोडले. हा युक्तिवाद पटो वा न पटो, विज्ञानाला घाबरलेल्या माणसाचा तो नव्हे. धर्माच्या समर्थनाचा हेतू थेट डोळ्यांसमोर न ठेवता विज्ञानाची उपासना विज्ञानासाठीच व्हावी, असे त्यांनी १८९१ सालीच जाहीरपणे मांडले होते.

त्यांना हे सुखासुखी करू दिले गेले, असेही नाही. संस्थेतील अध्यापन लॅटिनमधूनच व्हावे, असा रोमचा आग्रह होता आणि त्या वादात संस्था बंद पडण्याची वेळ आली होती. पुढे १९१० साली पोप पायस दहावे यांनी आधुनिकतावादाविरुद्धची, म्हणजे चर्चची शिकवण आधुनिक विचारांनुसार बदलू पाहणाऱ्या प्रवाहाविरुद्धची, शपथ धर्मगुरूंवर आणि धर्मविद्यालयांतील अध्यापकांवर बंधनकारक केली, तेव्हाचे वातावरण मोकळ्या चर्चेला पोषक होते असे म्हणणे धाडसाचे होईल. प्रचलित विधानातील तथ्याचा मोठा वाटाही इथेच सापडतो. अमेरिकेतील अनेक लहान कॅथलिक महाविद्यालयांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्र म्हणजे शेवटच्या वर्षी शिकवला जाणारा तत्त्वज्ञानाचा एक पेपर एवढेच होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तेथील कॅथलिक मानसशास्त्रज्ञांना वेगळी संघटना काढावीशी वाटली, यावरूनही आपल्याच संस्थांत हा विषय रुजवण्याचे काम किती उरले होते ते दिसते. पण लहान महाविद्यालयांतील मागासलेपण साऱ्या कॅथलिक विद्यापीठांवर चिकटवणे हा न्याय नव्हे.

तिसरा मुद्दा निष्कर्ष आधीच ठरलेले असण्याचा आणि विज्ञानात भर न पडण्याचा. याचे उत्तर अल्बेर मिशोत या मानसशास्त्रज्ञाच्या कामातच आहे. मिशोत लुव्हेनचेच विद्यार्थी. लाइपझिगला वुंट आणि व्युर्त्सबुर्गला क्यूल्पे यांच्याकडे शिकून ते परतले, १९२३ साली त्यांनी लुव्हेनमध्ये अध्यापनशास्त्र आणि उपयोजित मानसशास्त्राचे विद्यालय सुरू केले आणि कार्यकारणभावाच्या आकलनावरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मूळ प्रयोग असा. पडद्याला १५० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर उंच अशी आडवी फट असते आणि तिच्यापासून दीड मीटरवर माणूस बसतो. फटीच्या मध्यभागी एक लाल चौकोन स्थिर दिसतो आणि त्याच्या डावीकडे ४० मिलिमीटरवर एक काळा. काळा चौकोन सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर वेगाने लालकडे येतो, त्याला भिडताच थांबतो आणि त्याच क्षणी लाल चौकोन हलू लागतो. पाहणारा सांगतो की काळ्याने लालला ढकलले. वास्तविक मागे फिरत असते ती रेषा रंगवलेली एक चकती. ढकलणारे तेथे कुणीच नसते. भिडणे आणि हलणे यांत सेकंदाच्या पाचव्या भागाइतका खंड पडला की ढकलल्याचा भास नाहीसा होतो आणि दोन सुट्या हालचाली उरतात. कार्यकारणभाव आपण कधीच पाहत नाही, सवयीने तो जोडतो, या अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम यांच्या मताला हे प्रयोगशाळेतून दिलेले उत्तर होते.

यावर कुणी म्हणेल की हा निष्कर्ष वास्तववादी, म्हणजे जग आपल्या मनाबाहेर खरोखर आहे आणि ते आपल्याला कळते असे मानणाऱ्या, कॅथलिक तत्त्वज्ञानाला सोयीचाच होता. होता, हे मान्य. पण सोयीचा निष्कर्ष खोटा असतोच असे नाही, आणि अंतर, वेग व वेळ यांचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर तो तपासायला कुणाच्याही श्रद्धेची गरज उरली नाही. मिशोत यांचे सर्वच दावे टिकले नाहीत. हा भास प्रत्येकाला पहिल्याच वेळी होतो का, याविषयी पुढील संशोधकांनी शंका घेतल्या. मात्र १९८७ साली लेस्ली आणि कीबल यांनी सहा महिन्यांच्या बालकांवर याच घटनेच्या धर्तीवर प्रयोग केले आणि तो विषय आजही जिवंत आहे. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात पेस यांचे शिष्य टॉमस व्हर्नर मूर यांनी धर्मगुरू असतानाच वैद्यकाची पदवी घेतली आणि १९१६ साली तेथील प्रॉव्हिडन्स रुग्णालयात मनोविकारांचे उपचार केंद्र उघडले. बोधात्मक मानसशास्त्र या शीर्षकाचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९३९ सालचे आहे. त्याच नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नायसर यांचा प्रसिद्ध ग्रंथ यायला अजून २८ वर्षे होती.

इटलीचे उदाहरण तर या विधानाला उलटेच ठरवते. फॅसिस्ट राजवटीत, तत्त्वज्ञ जेंतिले यांच्या चिद्वादी, म्हणजे मन हेच अंतिम सत्य मानणाऱ्या, तत्त्वज्ञानाचा शिक्षणावर पगडा असताना, सरकारी विद्यापीठांतील प्रायोगिक मानसशास्त्र खंगत गेले. ज्या मोजक्या प्रयोगशाळा तगून राहिल्या, त्यांत मिलानच्या कॅथलिक विद्यापीठाची होती. ती चालवणारे आगोस्तिनो जेमेल्ली हे फ्रान्सिस्कन संन्यासी, वैद्यकात मज्जासंस्थेचे संशोधक गॉल्जी यांचे विद्यार्थी आणि विद्यापीठाचे संस्थापक-कुलगुरू. त्यांनी राजवटीशी जुळवून घेतले होते आणि ज्यूंविरुद्ध उघड लिहिले-बोलले होते. प्रयोगशाळा टिकण्यामागे ती जवळीकही होती, हे लपवून त्यांचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

राहिला फ्रॉइड. त्यांचे ग्रंथ चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत कधीच नव्हते, आणि ती सूचीच १९६६ साली रद्द झाली. विरोध होता, तो दुसऱ्या मार्गांनी. जेमेल्ली यांनी मनोविश्लेषणावर कठोर टीका केली. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली, माणसाच्या साऱ्या लैंगिक वासना उकरून काढणाऱ्या उपचारपद्धतीला आक्षेप घेतला. पण पुढच्याच वर्षी मनोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे त्यांनी केलेले भाषण बरेच सौम्य होते. १९६१ साली रोमने धर्मगुरूंना मनोविश्लेषणाचा व्यवसाय करण्यास मनाई केली आणि परवानगीवाचून उपचार घेण्यावरही निर्बंध घातला. प्रचलित विधानाची सारी भिस्त या संघर्षावर आहे. मनोविश्लेषणाशी झालेले भांडण ते साऱ्या मानसशास्त्रावर लादते. ते भांडणही विद्यापीठाच्या आत एकतर्फी नव्हते : लुव्हेनचे धर्मगुरू-प्राध्यापक जोझेफ न्यूतँ यांनी १९५० सालीच मनोविश्लेषणाचा गंभीर परामर्श घेणारा ग्रंथ लिहिला होता, आणि मनाईच्याच दशकात त्याच विद्यापीठातील आंत्वान व्हेरगोट, तेही धर्मगुरू, फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ यांच्या परंपरेतील मनोविश्लेषणाची बेल्जियममधील संस्था उभारण्यात सहभागी झाले.